निरंक असल्यास निरंक कळवावे

साताऱ्याच्या डोंगराकडची द्विशिक्षकी शाळा, तिथल्या बाई आणि त्यांना लहानपणी शिकवलेले, पुढं केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेले गुरुजी. माणसं कल्पित आहेत, अडचण खरी आहे. विषय निघाला तो बाईंना प्रशिक्षणात मिळालेल्या एका कागदावरून. त्यावर चार चौकटी होत्या : तातडीचं आणि महत्त्वाचं, नुसतं महत्त्वाचं, नुसतं तातडीचं, आणि दोन्ही नसलेलं.

गुरुजी : कागद चांगलाय की. अडलं कुठं?

बाई : काल तिसरीतला एक मुलगा पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसला होता. अक्षरं सगळी येतात, शब्द जुळत नाही. बोट ठेवून म्हणत होता, म ला काना मा, म ला काना मा. मग थांबला, माझ्याकडं बघितलं आणि ओरडला, ‘मामा!’ तेवढ्यात ग्रुपवर मेसेज. अत्यंत तातडीचे, शाळेतील नादुरुस्त पंख्यांची माहिती दुपारी दोनपर्यंत लिंकवर भरावी, निरंक असल्यास निरंक कळवावे.

गुरुजी : भरलीस?

बाई : भरली. डोंगरात रेंज कुठं मिळते ते तुम्हाला माहीत आहे. परत आले तर पोरगं पटांगणात.

गुरुजी : तुझ्या कागदाप्रमाणं पंखे तिसऱ्या चौकटीत. ते काम दुसऱ्यावर सोपवायचं.

बाई : कुणावर? दुसरे सर पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेत होते. ही चौकट आयसेनहॉवरच्या नावानं चालते. 1954 मध्ये त्यानं एका भाषणात तातडीच्या आणि महत्त्वाच्या प्रश्नांतला फरक सांगितला, तोही एका माजी कॉलेजप्रमुखाचा हवाला देऊन. पुढं स्टीफन कव्हीच्या 1989 च्या पुस्तकानं ती सगळीकडं पोचवली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली माणसं होती. मी काय चौथीतल्या पोरीवर सोपवू?

गुरुजी : मग तातडी खोटी म्हणतेस? रात्री साप चावलेला माणूस दवाखान्यात आला तर डॉक्टर काय चौकट काढत बसतो?

बाई : तिथली तातडी विषात असते, गुरुजी. डॉक्टरनं नाही म्हटलं तरी ती कमी होत नाही. पंख्यांची तातडी कशात आहे? पत्रात. उद्या पत्र मागं घेतलं की ती संपली.

(इथं बाईंनी नेमकं बोट ठेवलं, असं मला वाटतं. वेळेच्या नियोजनावर इतकं लिहिलं जातं, पण तातडी कामातून आली की मागणाऱ्याच्या हुद्द्यातून, हे क्वचितच कुणी विचारतं.)

गुरुजी : पत्र कुठून येतं तेही बघ. मी खुर्चीवर होतो तेव्हा पुष्कळदा विधानसभेच्या तारांकित प्रश्नासाठी माहिती मागवली जायची. कुणा आमदारानं विचारलेलं असायचं, की राज्यातल्या शाळांत पोरं उकाड्यात का बसतात. हा प्रश्न बिनमहत्त्वाचा आहे का?

बाई : नाही.

गुरुजी : आणि हजेरीला, पोषण आहाराच्या नोंदीला कटकट म्हणू नकोस. हजेरीवरूनच ऊसतोडीला गेलेलं पोर कळतं.

बाई : ते मी कधीच नाकारलं नाही. नोंद राहिली तर बिल अडतं आणि स्वयंपाकीण मावशींच्या घरी त्याचा चटका बसतो. माझं म्हणणं हिशेबाचं आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलंय. दिवसाचे चार तास झाले. त्यातला रोज एक तास लिंकांवर गेला तर वर्षाला 200 तास, म्हणजे शाळेचे 50 दिवस. त्याच कायद्याच्या 27 व्या कलमानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकाला लावता येतात. पण माहिती भरणं त्या भाषेत ‘नेमणूक’ ठरतच नाही. कागदोपत्री मी वर्गातच असते, मान मात्र मोबाईलमध्ये.

गुरुजी : मग पोराला उद्या वाचायला बसव. ते काही पळून जात नाही.

बाई : हीच तर मेख आहे. त्याचं काम बिनतातडीचं दिसतं, कारण त्याची आठवण करून देणारा मेसेज येत नाही. मुदत त्यालाही आहे. चौथीचं पुस्तक वाचता येतं असं धरूनच लिहिलेलं असतं, आणि जूनमध्ये पोरगं चौथीत बसणारच. पंख्यांना उशीर झाला तर मला खुलासा मागतात. त्याच्या वाचनाला उशीर झाला तर कुणालाच कुणी काही विचारत नाही.

गुरुजी : नाही भरलं तर तुझ्या केंद्राचं नाव लाल रंगात येतं. बोलणी केंद्रप्रमुखानं खायची. तुझा तास वाचला तो त्याच्या जिवावर.

बाई : ते खरंय. म्हणून तर रोज भरते.

इथं दोघंही गप्प झाले. गुरुजींच्या या बोलण्याला माझ्याकडंही पुरतं उत्तर नाही. बाईंनी मोबाईल मधल्या सुट्टीपर्यंत कपाटात ठेवायचं ठरवलं. गुरुजींना ते फार दिवस टिकेलसं वाटत नाही, मलाही नाही. एकट्या शिक्षिकेच्या निर्धारावर हे सोडून देणं म्हणजे चौकटीचा कागद तिच्या हातात देऊन मोकळं होण्यासारखंच आहे.

म्हणून विनंती तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कार्यालयांना. खोल्या, वीज, स्वच्छतागृहं ही माहिती शाळा दरवर्षी यू-डायसवर भरतात. मागण्याआधी ती तिथं बघावी. तरीही पत्र काढावं लागलंच, तर ‘अत्यंत तातडीचे’च्या खाली एक ओळ जास्तीची लिहावी : माहिती कशासाठी हवी आहे, आणि उद्या मिळाली तर कुणाचं काय बिघडेल. ही ओळ लिहिता आली नाही, तर पत्र शाळा सुटल्यावर पाठवावं.