खरं बोलायचा हक्क कुणाला?

"त्या जिममध्ये जाऊ नकोस, गुडघ्यांची वाट लागेल." हे वाक्य मित्राने म्हटलं तर आपण ऐकतो. तेच समोरच्या जिमच्या मालकाने म्हटलं तर हसतो. वाक्य तेच, गुडघेही तेच. फरक एवढाच की दुसऱ्याचा त्यात फायदा आहे. पण ज्याचा फायदा आहे, त्याला खरं बोलायचा हक्कच नाही का?

अमेरिकेतला एक खटला या प्रश्नाशी थेट भिडतो. २०१३ साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचा क्रॉसफिटवर लेख आला. दहा आठवड्यांच्या व्यायामाने लोकांची चरबी घटली, दमसास वाढला, असा त्याचा निष्कर्ष होता. सोबत एक छोटी नोंद होती: ५४ पैकी ११ जणांनी शेवटची चाचणी दिली नाही, आणि त्यातल्या ९ जणांनी अतिश्रमाचं किंवा दुखापतीचं कारण सांगितलं. म्हणजे १६ टक्के. चरबीचं राहिलं बाजूला, लोकांच्या डोक्यात हे १६ टक्के बसले.

लेख छापणारं नियतकालिक नॅशनल स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग असोसिएशनचं. ही संस्था ट्रेनर लोकांना प्रमाणपत्रं देते. क्रॉसफिटही देते. थोडक्यात, दोघांचं गिऱ्हाईक एकच. २०१४ मध्ये क्रॉसफिटने खोटी जाहिरात आणि अनुचित व्यापाराचा दावा ठोकला. ज्यांच्या नावावर दुखापत टाकली होती त्यांनाच विचारलं गेलं, तेव्हा ते म्हणाले, आम्ही असं सांगितलंच नव्हतं. २०१५ मध्ये नियतकालिकाने दुरुस्ती छापली, २०१७ मध्ये सगळा लेखच मागे घेतला गेला. दरम्यान संस्थेनेही क्रॉसफिटवर उलटा बदनामीचा दावा लावला होता. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये, पुरावे दडवल्याचं आणि शपथेवर खोटं सांगितल्याचं दिसल्यावर, न्यायाधीशांनी संस्थेला जवळपास ४० लाख डॉलरचा भुर्दंड लावला आणि निकाल क्रॉसफिटच्या पारड्यात टाकला.

आता गंमत बघा. या निकालाने क्रॉसफिट सुरक्षित ठरलं का? नाही. कोर्टाने एवढंच ठरवलं की तो आकडा खोटा होता. "तुमच्या व्यायामाने माणसं जखमी होतात" हे खोट्या आकड्यावर सांगणं चूक आहे, म्हणून त्याचं उलटं आपोआप खरं होत नाही. खटला जिंकलेली कंपनी आपण निर्दोष असल्याचं मिरवते, आणि आपणही ते मान्य करून टाकतो. तिथे आपण फसतो.

आणि फायद्याचं काय? मला वाटतं, फायदा असणं हा गुन्हा नाही. व्हे प्रोटीनमधली भेसळ बहुतेक वेळा आधी कळणार ती त्याच धंद्यातल्या माणसाला. त्याला गप्प बसवलं तर आपलंच नुकसान. पण ज्याला फायदा आहे त्याने स्वतःवर जास्त संशय घ्यायला हवा. आपल्याला हवा तोच आकडा हाती आला, की तो दोनदा तपासायचा. नको असलेला आकडा आपण तसाही चारदा तपासतो.

पण क्रॉसफिटकडे पाच वर्षं कोर्टात लढायला पैसा होता. फोनवर रिव्ह्यू करणाऱ्या पोराकडे काय असतं? एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे असाच मामला होता. एका प्रोटीन कंपनीने तिच्या पावडरवर टीका करणाऱ्या इन्फ्लुएन्सरांविरुद्ध बदनामीचा दावा केला होता. कोर्टाने व्हिडिओंवर अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. टीका करणाऱ्यांकडे लॅबचे रिपोर्ट होते, हे तिथे मोलाचं ठरलं. नुसता आवाज चढवून ते वाचले नसते.

आपल्या फौजदारी कायद्यात याहून एक पायरी वर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये विधान नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. ताकदवान माणूस या अटीचा दुरुपयोग करू शकतो, हे मान्य. तरी त्यातला प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे: मी हे कुणासाठी सांगतोय? ऐकणाऱ्याचे गुडघे वाचावेत म्हणून, की त्याची फी माझ्याकडे यावी म्हणून? दोन्ही कारणं एकत्र असू शकतात. मग दुसरं कारणही सांगून टाकावं, ऐकणारा त्याचं तो वजन करेल.

आपण सहज म्हणतो, "ध चा मा केला". १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि आनंदीबाईंनी पत्रातलं एक अक्षर बदललं असं सांगितलं जातं. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. पण अडीचशे वर्षं झाली, अक्षर बदलणारी बाई म्हणजे आनंदीबाई, हे आपल्या जिभेवर पक्कं बसलंय. तिच्या बाजूने दुरुस्ती छापून आली तरी वाक्प्रचार थोडाच बदलणार?

ते १६ टक्केही असेच कुठल्या तरी जिममध्ये आज ऐकू येत असतील. म्हणून फॉरवर्ड करण्याआधी एकदा थांबावं. मागे घेतलेला लेख मागे येतो, गेलेलं नाव येत नाही.