जमावाचा आवाज



आज झावळ्यांचा रविवार. आजच्या मिस्सात प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन होईल. त्यात पिलाताचे, पेत्राचे, दासीचे शब्द एकेक जण वाचतो. जमावाचे शब्द मात्र आपण सर्वांनी मिळून म्हणायचे असतात. लहानपणी मला वाटे, हा जमाव म्हणजे ‘ते यहुदी’, आपण नव्हे. या समजुतीची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागली, हे मला फार उशिरा कळले. म्हणून आज अमेरिकेत आश्रयाला गेलेल्या यहुदी, म्हणजेच ज्यू लोकांविषयी आणि तिथल्या एका कॅथलिक धर्मगुरूविषयी लिहीत आहे.

1881 साली रशियाच्या झारचा खून झाला. आळ ज्यूंवर आला आणि त्यांच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. तेव्हापासून 1924 पर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात ते दाटीवाटीने राहिले, कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबले. 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कमधल्याच ट्रँगल कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याच्या एका दाराला कुलूप होते. 146 जीव गेले. त्यांतील बहुतेक ज्यू आणि इटालियन तरुणी होत्या. इटलीहून आलेले बहुतेक लोक आपल्यासारखेच कॅथलिक. 1920 च्या दशकात कु क्लक्स क्लॅन या संघटनेला ज्यू आणि कॅथलिक दोघेही नकोसे होते. ज्यूंचे दुःख कुणाला कळायला हवे होते, तर ते कॅथलिकांना!

पण घडले वेगळेच. मिशिगन राज्यातील रॉयल ओक या गावी फादर चार्ल्स कॉफलिन हे धर्मगुरू होते. त्यांचे चर्च आपल्या लाडक्या संत तेरेजा, लिटल फ्लॉवर, हिच्या नावाचे. 1926 पासून ते रेडिओवर प्रवचने देऊ लागले. पुढे मंदीचे दिवस आले. फादर कामगारांची, गरिबांची बाजू मांडत. त्यांच्या श्रोत्यांची संख्या कोटींमध्ये मोजली जाऊ लागली. मग हळूहळू या गरिबीला जबाबदार कोण, याचे सोपे उत्तर ते देऊ लागले: ज्यू. ज्यूंच्या जागतिक कटाविषयीचे एक पुस्तक बनावट असल्याचे 1921 सालीच उघड झाले होते. तरी 1938 साली फादरांच्या साप्ताहिकाने ते छापले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली. त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी रेडिओवरून दोष ज्यूंच्याच पदरी टाकला. त्यांच्या प्रेरणेने निघालेल्या संघटनेतील तरुण न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ज्यूंना मारहाण करू लागले.

1939 साली 937 प्रवासी घेऊन निघालेले ‘सेंट लुईस’ हे जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ आले. जवळजवळ सर्व प्रवासी ज्यू निर्वासित होते. मायामीचे दिवे दिसत होते, पण उतरण्याची परवानगी मिळाली नाही. जहाज युरोपला परतले. त्यांतील 254 जण पुढे नाझींच्या संहारात मेले.

शिकागोचे कार्डिनल मंडेलाईन यांनी 1938 सालीच जाहीर केले की फादर कॉफलिन ख्रिस्तसभेच्या वतीने बोलत नाहीत. पण त्यांना गप्प करण्यास 1942 साल उजाडले. सर्व ज्यूंवर प्रभूच्या मृत्यूचा दोष ठेवता येणार नाही, हे व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी स्पष्ट केले. प्रभूला क्रुसावर चढवले ते आपल्या पापांनी, हीच ख्रिस्तसभेची शिकवण. प्रभू येशू, पवित्र मरिया, संत योसेफ हे सारे ज्यूच होते, याचा आपल्याला किती सहज विसर पडतो!

हे सारे जुने झाले असे म्हणू नका. 27 ऑक्टोबर 2018 रोजी, शब्बाथाच्या सकाळी, पिट्सबर्गच्या प्रार्थनामंदिरात 11 ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्याचा राग होता निर्वासितांना मदत करणाऱ्या एका ज्यू संस्थेवर.

सेमिनरीत आम्ही तर्कशास्त्र शिकलो. ‘काही’ वरून ‘सर्व’ वर उडी मारणे ही चूक, हा त्यातला अगदी पहिला धडा. फादर कॉफलिनही सेमिनरीत शिकले होते. ज्ञान त्यांना वाचवू शकले नाही. त्यांना टाळ्या मिळत होत्या आणि कुणी थांबवत नव्हते. मीही दर रविवारी तशाच जागी उभा राहतो, म्हणून मला त्यांची भीती वाटते.

या पवित्र सप्ताहात एवढेच करू या. गावात भाड्याने राहायला आलेल्यांविषयी बोलताना तोंडी ‘ते लोक’ असे शब्द आले, तर तिथेच थांबू या. आज जमावाचे शब्द म्हणताना तो आवाज आपलाच आहे हे ओळखू या. आणि कधी माझ्या प्रवचनात तो आवाज ऐकू आला, तर मिस्सा संपल्यावर मला बाजूला घेऊन सांगा. माझ्यावर तुमचे उपकार होतील.

आपला,
प्रमुख धर्मगुरू