काळे ते सारे काजळीच का?

तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात धूर असतो. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे. जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघर. न्यायदर्शनाचे हे उदाहरण वापरून वापरून इतके झिजले आहे की त्यात शिकण्यासारखे काही उरले असेल असे वाटत नाही. पण नवी मुंबईच्या हवेतली काजळी मोजू पाहणाऱ्यापुढे तेच उदाहरण नव्याने उभे राहते. त्याच्या हाती धूरही नसतो, असतो फक्त कमी झालेला प्रकाश. त्या प्रकाशावरून काजळीचे, काजळीवरून आगीचे आणि आगीवरून ती पेटवणाऱ्याचे अनुमान त्याला करायचे असते. यातली पहिली पायरीच सर्वांत निसरडी. तिच्याबद्दल खरे बोलणे हा प्रश्न आधी प्रमाणविचाराचा आहे, उपकरणाचा नंतर.

या कामासाठी एथॅलोमीटर नावाचे यंत्र वापरतात. ते हवा ओढून फिल्टरच्या पट्टीवरून सोडते, पट्टीवर काळा डाग पडतो आणि त्यातून पार होणारा प्रकाश कसा घटत जातो हे यंत्र नोंदवते. प्रचलित यंत्रांत 370 ते 950 नॅनोमीटरपर्यंतच्या सात तरंगलांबी असतात. पडद्यावर काळ्या कार्बनचा म्हणून जो आकडा उमटतो तो 880 नॅनोमीटरवरून काढलेला असतो, आणि तोही मायक्रोग्रॅममध्ये. इथे थबकायला हवे. यंत्राने काहीही तोललेले नाही. एक ग्रॅम काजळी इतका प्रकाश शोषते असे गृहीत धरून त्याने भागाकार केला आहे. प्रकाश फिल्टरच्या धाग्यांत इकडेतिकडे विखुरतो, डाग दाट होत गेला की वाचन बिघडते. त्यासाठीच्या दुरुस्त्याही त्याच गणितात मुरलेल्या असतात. 2013 मध्ये या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी सुचवले की प्रकाशावरून काढलेल्या अशा आकड्याला ‘समतुल्य काळा कार्बन’ म्हणावे. या एका विशेषणात मला बराच विवेक दिसतो.

कारण प्रकाश शोषणारी काजळी एकटी नाही. धुळीतली लोहखनिजेही तो शोषतात. नैयायिकांनी धुराकडून आगीकडे जाणारी वाट निर्दोष मानली, पण आगीकडून धुराकडे जाणारी मानली नाही: तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओले इंधन लागते, आणि या लपलेल्या अटीला त्यांनी उपाधी म्हटले. शोषणावरून काजळी म्हणताना हाच दोष घडतो. यावरचा नेहमीचा इलाज रंगाचा आहे. काजळी सर्व रंग गिळते, तर तांबडी धूळ निळा प्रकाश जास्त आणि लाल फार कमी. म्हणून 880 वर धुळीचा अडथळा किरकोळ ठरतो. 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानच्या बाजूने येऊन मुंबईवर पसरलेल्या वाळवंटी धुळीसाठी हा हिशेब बऱ्यापैकी चालावा. पण तुर्भ्याच्या डोंगरातली खडी आणि विमानतळासाठी सुरुंग लावून फोडलेला उलव्याचा डोंगर म्हणजे दख्खनचा काळा बेसॉल्ट. त्यातल्या मॅग्नेटाइटच्या जातीची खनिजे निळ्या-लालचा तसा भेद पाळत नाहीत. भरड धूळ यंत्राच्या तोंडाशीच गाळता येते, बारीक पीठ मात्र आत शिरते. न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरचा धूर आणि क्रशरची धूळ एकाच पट्टीवर बसली, तर डाग एकच पडतो.

कोणी म्हणेल, हा यंत्राचा दोष. चांगले यंत्र आणा. चांगली यंत्रे आहेत. प्रकाशाने कण तापतो, भोवतालची हवा प्रसरण पावते आणि त्यातून उठलेला ध्वनी मोजून फिल्टरशिवाय शोषण कळते. फिल्टरची भानगड त्यामुळे मिटते, पण शोषणारा कोण हे ध्वनी सांगत नाही. कणांची रासायनिक तपासणी केली तर शंका आणखी आक्रसते, तरी अनुमानाची एखादी पायरी राहतेच.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: सगळे अनुमानच असेल तर कृती कशाच्या जोरावर करायची? हवामानावरील काळ्या कार्बनचा परिणाम 2013 च्या एका मोठ्या आढाव्यात दर चौरस मीटरला 1.1 वॅट धरला होता. हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या 2021 च्या अहवालात तो 0.11 वर आला, आणि त्याची खालची मर्यादा शून्याच्याही खाली गेली. अनुमानाला प्रमाणच न मानणारा चार्वाक यावर हसला असता. त्याला दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी दिलेले उत्तर मला आजही पुरेसे वाटते. शंका आपल्याच आचरणाशी विसंगत होईपर्यंतच खरी. धूर हवा असेल तेव्हा शंकेखोरही आगच पेटवतो. डिझेलच्या धुराच्या मागे उभे राहून श्वास घेण्याइतका कोणी निःशंक नसतो, आणि त्या धुराला 2012 पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. तेव्हा संशय आकड्याच्या नावावर घ्यावा, धूर थांबवण्यावर नको.

आपला कायदा मात्र शोषणाकडे पाहतच नाही. तो कण तोलतो, आणि तराजूत दगडाची धूळ भरते. काजळीला वजनच किती! रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरवला की धूळ बसते आणि वजनही घटते. 2009 च्या राष्ट्रीय मानकांच्या यादीत 12 प्रदूषके आहेत. त्यांत काळा कार्बन नाही.