देव नसलेला सभामंडप

फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात मदुराईचा एक सभामंडप उभा आहे. मदनगोपाळस्वामी, म्हणजे कृष्ण, त्याच्या देवळातला. घडवला 1560 च्या सुमारास. ग्रॅनाइटचे कोरीव खांब डोळ्यांत भरतात. गाभारा मात्र नाही. इथे येणाऱ्या भाविकाने हात जोडायचे की नुसते कौतुक करायचे?

संग्रहालयाने देव पळवला, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण 1912 मध्ये अ‍ॅडलिन पेपर गिब्सन या फिलाडेल्फियाच्या बाईंनी हे दगड विकत घेतले, तेव्हा ते देवळाच्या आवारात ढीग होऊन पडले होते. बाई 1919 मध्ये वारल्या आणि घरच्यांनी त्यांच्या स्मरणार्थ मंडप संग्रहालयाला दिला. म्हणजे मंडप परदेशी गेला तो आधीच मोडून. आपल्या शास्त्रालाही दगड आणि देवत्व वेगळे करता येतात: जीर्णोद्धारात देवत्व कलशात उतरवून घेतात, काम झाले की पुन्हा प्रतिष्ठा करतात. अडचण एवढीच की मदुराईच्या दगडांना नवे घर मिळाले, प्रतिष्ठा मिळाली नाही. शिवाय सभामंडप काही फक्त देवाचा नसतो. कीर्तन, पुराण, गावाचा निवाडा, वाटसरूचा मुक्काम, सगळे तिथेच. त्याला देवाइतकीच माणसांची वर्दळ लागते.

कॅलिफोर्नियात याच्या उलट घडले. स्पेनमधल्या ओविला मठाचे बाराव्या-तेराव्या शतकातले सभागृह वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टने 1931 मध्ये दगड सुटे करून आणवले. मठाच्या दगडांत पोहण्याचा तलाव बसवायचा त्याचा बेत होता! (पैशाला कल्पनाशक्ती असते, ती ही अशी.) मंदीने बेत बुडाला. 1941 मध्ये दगड सॅन फ्रान्सिस्को शहराकडे आले आणि गोल्डन गेट पार्कमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिले. पेट्यांना आगी लागल्या, जुळणीच्या खुणा गेल्या. मूळच्या सभागृहात मठवासी रोज जमत, नियमावलीचा एक अध्याय ऐकत आणि मठाचे निर्णय घेत. महत्त्वाच्या प्रश्नावर सर्वांना बोलवा, कारण पुष्कळदा देव तरुणालाच योग्य गोष्ट सुचवतो, असे संत बेनेडिक्टच्या नियमातच आहे. 1994 मध्ये व्हायना गावच्या त्याच परंपरेतल्या मठाने दगड मागून नेले, नवे दगड घडवून सभागृह उभारले. आज तिथे प्रार्थना होते.

मग जुने किती आणि नवे किती, हा हिशेब गौण ठरतो. वारसा वापरणाऱ्यांकडे गेला. पण एवढ्यावर निकाल देऊन टाकावा, तर त्याच बागेतला आणखी एक दगड आडवा येतो. वाहने अडवायचा एक ग्रॅनाइटचा खुंट कोणीतरी तिथे टाकून दिला होता. त्याला ना मठ, ना मंडप, ना शतकांचा इतिहास. 1993 च्या सुमारास काही हिंदूंना त्यात शिवलिंग दिसले. फुले आली, दूध आले, दुरून लोक येऊ लागले. सरकारी बागेत देवस्थान नको म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. अखेर तडजोड होऊन 1994 मध्ये खुंट बागेतून हलवला गेला, तोही एका भक्ताच्या जागेत, पूजेसाठीच.