उपजीविकेतला जीव

‘उपजीविका’ हा शब्द आपण पोटापुरता वापरतो. पण तो सावकाश उलगडला की त्याच्या मधोमध ‘जीव’ बसलेला दिसतो, आणि ‘उप’ म्हणजे जवळ, आश्रयाने, हे ध्यानात आले की कळते, आपले जगणे दुसऱ्या जीवांच्या आधारावर उभे आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत गुण कमी पडले म्हणून वाशीमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला नाव घातलेल्या मुलाला घरचे विचारतात, “जीवशास्त्र शिकून पुढे काय?” त्याचे अर्धे उत्तर या शब्दातच आहे.

याच वाशीम जिल्ह्यातले कारंजा हे दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, दत्तभक्तांचे क्षेत्र. परंपरेने दत्तात्रेयच मानला गेलेला भागवताच्या एकादश स्कंधातला अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, तेव्हा त्यांत अजगर येतो, कोळी येतो, पतंग येतो, आणि फुलाला न दुखवता थोडे थोडे घेणारा मधुकर येतो, ज्याच्यावरून ‘माधुकरी’ हा शब्द झाला. जीवाजवळ शिष्य होऊन बसणे, हा उपजीविकेचा पहिला पदर.

जीवशास्त्र त्याच शिष्याच्या हाती भिंग देते. सोयाबीनचे वाळलेले पान बांधावरूनही दिसते. पण जो वाकून पाहतो त्याला देठावर दोन गोल खाचा दिसतात, चक्रीभुंग्याच्या मादीने कोरलेल्या, त्यांच्या मधल्या जागेत तिने अंडी घातलेली, आणि म्हणून वरचा भाग सुकलेला. असे वाकणे हा दुसरा पदर.

वाकायची सवय जडली की वाटा फुटतात: एम.एस्सी. करून नेट-सेट दिल्यावर अध्यापन, बी.एड. करून शाळा, सूक्ष्मजीवशास्त्र घेतल्यास पाणी आणि अन्न तपासणारी प्रयोगशाळा. वनस्पतिशास्त्राच्या वा प्राणिशास्त्राच्या पदवीधराला भारतीय वनसेवेच्या परीक्षेस बसता येते, आणि त्या सेवेचा अर्थ कळायला कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य फार दूर नाही. या वाटा लांब आहेत, पहिल्या पदवीपाशी क्वचितच संपतात, हेही मुलाला आधीच सांगावे.

म्हणून आईबापांनो, ‘पुढे काय’ हे जरूर विचारा, पण त्याआधी तुमच्या लेकराचा जीव कशात रमतो ते विचारा; कारण जीव न रमता मिळालेल्या चाकरीला पगार असतो, उपजीविका म्हणावे असे तिच्यात काही नसते.