कोपऱ्यातला चौकोन

पहाटेच्या मिस्साची घंटा आणि फोनची पहिली थरथर आमच्याकडे बहुधा एकाच वेळी होते. घंटा गासच्या गोन्सालो गार्सिया चर्चची. थरथर कुणीतरी पाठवलेल्या दवभरल्या गुलाबाची, खाली ‘सुप्रभात’. दारात सोनचाफा फुललेला असताना आम्ही एकमेकांना कुठल्या परक्या बागेतले गुलाब पाठवतो, यावर काय बोलावं! त्या दिवशी मात्र गुलाबामागोमाग निरोप आला, थोरली काकू गेली. तासाभरात चुलतभावाचा फोन. “तुझ्याकडे आईचा एखादा बरा फोटो आहे का रे?”

बरा म्हणजे निधनवार्तेला लावण्याजोगा. चेहरा समोर, डोळे उघडे, मागे कपड्यांची दोरी नको. शोधायला बसलो. हल्लीचे फोन चेहरे ओळखून आपले आपण गठ्ठे बांधतात. माझा स्वतःचा गठ्ठा लाज वाटावी एवढा जाड निघाला. काकू अवघ्या चौदा फोटोंत, त्यातही बहुतेक ठिकाणी मागच्या रांगेत. वर फोनने तिला दोन बायका समजून वेगळं केलेलं: एक लाल लुगड्यातली, एक इस्पितळाच्या झग्यातली. खाली प्रश्न होता, ही व्यक्ती एकच का? ‘हो’वर बोट ठेवायला मला जरा वेळच लागला.

अखेर कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून घेतला. कापताना शेजारच्याचा कोटातला खांदा राहून गेला. काकूबरोबर तो खांदाही दिवसभर गावातल्या फोनांवर फिरत राहिला.

आठवड्याने चुलतभावाने तिचाच फोन माझ्या हातात दिला. यात बघ, म्हणाला, फ्रेमसाठी चांगला फोटो असेल. कुलूप सोपं होतं, चार वेळा एक. आत काकू कुठेच नव्हती. केळीच्या पानावरचा काळपट डाग होता, तीन बाजूंनी टिपलेला. औषधाच्या रिकाम्या पाकिटांचे फोटो होते, दुकानदाराला दाखवायला. दादरच्या फुलबाजारातली चिठ्ठी, सातबारा, विजेचं बिल, आणि अंगठ्याने अर्धं भिंग झाकल्यामुळे नुसताच तांबूस अंधार. २०१८च्या जुलैतल्या पुराचे चार. नालासोपारा स्थानकात रूळ पाण्याखाली, गाड्या अडकलेल्या. टीव्हीवर सारखं तेच चाललं होतं तेव्हाचे. काकूने मात्र फक्त आपल्या ओटीच्या पायऱ्या घेतल्या होत्या. जागा तीच, पाणी एकेक पायरी वर. फोटोवर फोनने परस्पर नोंदलेल्या वेळा बघितल्या. रात्री दीड, पावणेतीन, चार, साडेपाच. ती रात्र तिने एकटीने जागून काढली होती, हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी.

मोबाइलवरून पाठवलेल्या सुरुवातीच्या फोटोंपैकी एक ११ जून १९९७चा. फिलिप कान नावाच्या अमेरिकन माणसाने कॅलिफोर्नियातल्या प्रसूतिगृहातून तो धाडला. त्यात त्याची नुकती जन्मलेली लेक होती, तो स्वतः नव्हता. म्हणजे सुरुवात बरी झाली होती. फोनचं भिंग आपण स्वतःकडे फिरवलं ते नंतर.

काकूचा फोन चाळता चाळता मला सोपाऱ्याची पेटी आठवली. आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर बुरूड राजाचा कोट आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला विटांचा स्तूप खणला, तेव्हा आत दगडी पेटी मिळाली. पेटीत एकात एक ठेवलेल्या डब्या: तांब्याची, चांदीची, दगडाची, स्फटिकाची, अगदी आत सोन्याची. सोन्याच्या डबीत बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे, बरोबर सोन्याची फुलं. आणि या सगळ्याभोवती आठ ब्राँझमूर्ती. सात होऊन गेलेले बुद्ध, आठवा मैत्रेय, अजून यायचा असलेला. हा ठेवा आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. पेटी भरणाऱ्यांचा चेहरा त्यात कुठे नाही. त्यांनी काय जपलं तेवढं कळतं, आणि तेवढ्यावरून ते बरेचसे ओळखीचे वाटू लागतात.

काकूच्या फोनात होऊन गेलेले होतेच. भिंतीवरच्या सासूच्या तसबिरीचा फोटो, काचेवर बल्बचा भगभगीत ठिपका. दारातल्या बुजवलेल्या बावखलाचा, म्हणजे तळ्याचाही होता, बुजवण्याच्या आदल्या दिवशीचा. पाण्यात माडाची सावली. यायचंही होतं कुणी. कॅनडातल्या नातीने पाठवलेलं सोनोग्राफीचं करडं चित्र. ते काकूने तीन वेळा साठवून ठेवलं होतं, बहुधा हरवेल म्हणून.

सगळ्यात शेवटी तिचा एक फोटो सापडला. नातीशी व्हिडिओवर बोलताना चुकून बटण दाबलं गेलं असावं. पडदाभर नात हसतेय, तोंडात घास. खालच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा चौकोन. त्यात काकूचं कपाळ, पांढऱ्या केसांतला भांग आणि वर घराचा पंखा. डोळे चौकोनाच्या खाली राहिलेले.

चुलतभावाने तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. “फ्रेमला नाही चालणार,” म्हणाला. मग स्वतःच्या फोनवर पाठवून घेतला.