वाट कोणी पाहायची?

आमच्या निफाडच्या घरामागे गोबरगॅस होता. खड्ड्यातल्या शेणकाल्यावर लोखंडी पिंप उलटं तरंगायचं. गॅस साचला की वर यायचं, स्वयंपाक झाला की खाली. आजी पिंपाकडे बघून दिवस आखायची. रात्री पाहुणे असतील तर आंघोळीचं पाणी चुलीवर. थंडीत गॅस कमी पडायचा, मग भाकरीही चुलीवर. धूर अर्थात तिच्याच डोळ्यांत.

ज्याला आज ‘लवचीक बायोगॅस’ म्हणतात, ते आजी करत होती. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते. सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घराघरांतले दिवे, मिक्सर, टीव्ही सुरू होतात. बायोगॅस साठवता येतो. दिवसा टाकीत भरायचा, संध्याकाळी इंजिन चालवून वीज करायची. जर्मनीत २०१२पासून अशी तयारी ठेवणाऱ्या प्रकल्पांना वेगळा मोबदला मिळू लागला. त्याच देशाच्या जीआयझेड या संस्थेच्या सहकार्याने नाशिक महापालिकेचा प्रकल्प २०१७ साली विल्होळीजवळ सुरू झाला: हॉटेलांतलं उरलेलं अन्न आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवून वीज. क्षमता दिवसाला ३० टन. एवढ्याने शहराची संध्याकाळ उजळणार नाही, हे मान्य. मला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागणी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात, अशी व्यवस्था आम्ही बांधतो आणि तिला अभिमानाने लवचीक म्हणतो. ती बिघडली की रात्री तीनला माझा फोन वाजतो. म्हणजे व्यवस्था जिथे वाकत नाही, तिथे मी वाकतो. मला त्याचा भत्ता मिळतो.

काकांना मिळत नाही. शेतीपंपांची वीज वर्षानुवर्षं पाळीने आली, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. ग्रिडवरचा भार सावरायला ती सोय होती. काका बॅटरी घेऊन मध्यरात्री गव्हाला पाणी भरायला जायचे. आमच्या भागात उसात बिबट्या असतो. काकू ते परतेपर्यंत जागी राहायची. कागदावर याला भार-व्यवस्थापन म्हणत. आमच्या घरी ती झोपेची आणि जिवाची उधारी होती. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, ती मला म्हणूनच नुसती ऊर्जेची योजना वाटत नाही.

मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी बसावाच लागतो. मेळ बसत नसेल तेव्हा कोणीतरी थांबतं. कोणी थांबायचं, हे मात्र निसर्गाने ठरवलेलं नाही. आपण बहुधा ज्याचा आवाज लहान, त्याला थांबवतो.

बायोगॅसमध्ये थांबण्याचं काम टाकीला देता येतं. जिवाणूंना घाई चालत नाही. एकदम जास्त खाद्य टाकलं तर आतलं आम्ल वाढतं आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मंदावतात. म्हणून गॅस संथपणे बनू द्यायचा, साठवायचा आणि इंजिन मागणीप्रमाणे चालवायचं. त्यासाठी टाकी मोठी हवी, इंजिनही गरजेपेक्षा मोठं हवं, जे दिवसाचे कित्येक तास नुसतं उभं राहील. हिशेबनीस विचारेल, रिकाम्या यंत्रावर पैसा का घालायचा? इंजिनिअर म्हणून मलाही रिकामं यंत्र खुपतं.

पण तो खर्च टाळला तर तो नाहीसा होत नाही. कचऱ्यातून प्लास्टिक वेगळं करणाऱ्या बाईची पाळी रात्रीची होते, मैल्याच्या टँकरचा चालक अवेळी बोलावला जातो. त्यांच्या गैरसोयीला आपण किंमत लावत नाही, म्हणून ती फुकट वाटते. लवचीकतेचा कुठलाही आराखडा समोर आला की मी आता आधी एवढंच पाहतो: यात उभं कोण राहणार आहे, यंत्र की माणूस?

आजीच्या पिंपाला गंज लागला आणि ते भंगारात गेलं. गॅस कमी पडतो म्हणून मोठं पिंप बसवावं, असं तेव्हा घरात कोणाच्या मनात आलं नाही. चूल होती ना.